मृत ज्वालामुखी आणि दोन वाचक

पुस्तकपरीक्षणांच्या भाषेत 'संमिश्र प्रतिसाद' हा एक सभ्य शब्दप्रयोग रूढ झालेला आहे. कलाकृती फसली असे म्हणवत नाही आणि साधली असे म्हणण्याचा धीर होत नाही, तेव्हा तो उपयोगी पडतो. काहींना आवडली, काहींना आवडली नाही, एवढेच तो सांगतो. आणि समीक्षेने जेथे थांबायला हवे तेथून तिला अलगद पुढे नेतो. वाचकांत दुफळी पडली असेल, तर ती कलाकृतीच्या नेमक्या कोणत्या जागी पडली आणि त्या जागेचे कलाकृतीच्या आशयाशी नाते काय, हा खरा प्रश्न असतो. दोन्ही बाजूंच्या मतांची बेरीज करून सरासरी काढली की हा प्रश्नच नाहीसा होतो.

'अर्फवर्ल्ड' या अमेरिकन चित्रकथेच्या वाट्याला असाच संमिश्र प्रतिसाद आला. रॉब बॉल्डर यांनी लिहिलेली आणि आरंभी जेमी नोगुची यांनी चितारलेली ही कथा डिसेंबर २००६पासून आंतरजालावर क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. रिच बर्ल्यू यांची 'द ऑर्डर ऑफ द स्टिक' ही २००३मध्ये सुरू झालेली लोकप्रिय चित्रकथा जेथे प्रसिद्ध होत होती, तेथेच हिलाही पहिला आसरा मिळाला. त्यामुळे खेळांच्या परिभाषेत मुरलेला वाचकवर्ग तिला आयताच लाभला. 'टाइम' साप्ताहिकाने २००७ सालच्या दहा उत्तम चित्रकादंबऱ्यांत तिची गणना केली, तेव्हा तिचा पहिला खंडही पुरा झालेला नव्हता. 'द बॅटल फॉर गॉब्विन नॉब' हा तो खंड २००९मध्ये संपला. पुढचे खंड येत राहिले आणि २०१९मध्ये कथा अपूर्णच थांबली. २००६ साली विशीत असलेला वाचक तोपर्यंत तिशी ओलांडून गेला होता. म्हणजे जिला 'प्रतिसाद' म्हणावयाचे ती एका बैठकीतली प्रतिक्रिया नव्हती. ती तेरा वर्षांची सोबत होती, आणि सोबतीत होतात तसे रुसवेफुगवे तिच्यात होते.

कथेचा सांगाडा थोडक्यात असा. पार्सन गॉटी हा खेळ रचण्यात रमणारा, जगण्याच्या व्यवहारात मागे पडलेला एक स्थूल तरुण. एका मंत्रप्रयोगाने तो अशा जगात ओढला जातो, की जे जग स्वतःच एक युद्धखेळ आहे. तेथे प्रत्येक पक्षाला पाळीपाळीने चाल मिळते. भूमी षट्कोनी घरांत विभागलेली असते, आणि प्रत्येक योद्ध्याने एका चालीत किती घरे ओलांडावीत हे ठरलेले असते. सैनिक जन्माला येत नाहीत, नगरांतून आयते तयार होऊन प्रकट होतात. त्यांच्या पोषणाचा खर्च खजिन्यातून भागला नाही तर ते विरून जातात. आज्ञापालन आणि निष्ठा हे तेथे नैतिक गुण नाहीत. उंची-वजनासारखे घडणीतच आलेले आहेत. पार्सनला ज्याच्यासाठी बोलावण्यात आले तो स्टॅन्ली हा राजा उद्दाम आणि कोता आहे. त्याच्यापाशी एकच नगर उरलेले आहे, आणि राजपुत्र अ‍ॅन्समच्या नेतृत्वाखाली मित्रसैन्यांनी ते घेरीत आणले आहे. पार्सनने ही हरलेली बाजी जिंकून द्यावयाची आहे. नायकाच्या नावातच लेखकाने खूण पेरली आहे: 'प्रोटॅगनिस्ट' या इंग्रजी शब्दाची अक्षरे उलटसुलट केली की 'पार्सन गॉटी' हे नाव तयार होते.

या कथेविषयी वाचकांनी घेतलेले आक्षेप मुख्यतः चार प्रकारचे होते. तिच्यातील नावे आणि चित्रे बालिश आहेत, हा पहिला. नियमांचे ओझे फार आहे, हा दुसरा. चित्रांच्या जागी मधूनमधून दीर्घ गद्य प्रकरणे येतात आणि दुसऱ्या खंडात नोगुची यांच्या जागी शिन ये यांच्यासारखे वेगळ्या हाताचे चित्रकार येतात, त्यामुळे रसभंग होतो, हा तिसरा. गती मंद आहे, हा चौथा. गंमत अशी, की नेमक्या याच चार गोष्टींसाठी दुसऱ्या वाचकांनी तिला डोक्यावर घेतले. वाक्यविनोदाची अखंड माळ, नियमांचा काटेकोरपणा, गद्यातून उलगडत जाणारी मने आणि घाई न करण्याचा संयम, असे त्यांच्या दृष्टीने तिचे गुण होते. एकाच गोष्टीला एकाने दोष आणि दुसऱ्याने गुण म्हणावे, असे चारही ठिकाणी घडले असेल, तर त्याचे कारण केवळ रुचिभेदात शोधून भागणार नाही.

बालिशपणाचा आक्षेप आधी पाहावा. या जगात ड्रॅगनला 'ड्वॅगन' आणि गॉब्लिनला 'गॉब्विन' म्हणतात. जीभ न वळणाऱ्या मुलाने 'र' आणि 'ल'च्या जागी 'व' म्हणावा, तसे हे बोबडे बोल आहेत. शिवी देऊ गेले तर तोंडातून शिवी निघतच नाही, 'बूप' असा निरर्थक ध्वनी निघतो. मरणाला तेथे जो शब्द आहे तो इंग्रजीत बेडकाच्या डरकण्याचा आणि ग्राम्य बोलीत मरणाचा वाचक आहे. मराठीत कोणी 'वारला' न म्हणता 'गचकला' म्हणावे तसा. मौज एवढीच, की अर्फवर्ल्डमध्ये त्या शब्दाला दुसरा पर्यायच नाही. सेनापतीला अहवालात तोच वापरावा लागतो आणि मित्राच्या प्रेतापाशी शोक करणाऱ्यालाही तोच. आरंभी वाचक हसतो. पुढे पुढे त्याला उमगू लागते, की या माणसांपाशी दुःखासाठी वेगळी भाषाच ठेवलेली नाही. स्कॉट मॅक्लाउड यांनी 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स'मध्ये (१९९३) म्हटले होते, की चेहरा जितका सोपा चितारावा तितका वाचक त्यात स्वतःला सहज पाहतो. गुबगुबीत, खेळण्यासारख्या आकृतींमध्ये वाचक असा आधी शिरतो आणि मग त्या आकृती कापल्या जाऊ लागतात. बालिशपणावर रागावलेला वाचक आणि त्याला भुललेला वाचक, दोघेही एकाच सापळ्याविषयी बोलत असतात. एक त्याच्या बाहेर राहिलेला असतो, एक आत सापडलेला.

नियमांच्या ओझ्याचा आक्षेप अधिक मुळाशी जातो. युद्धाचे खेळात रूपांतर करण्याची परंपरा जुनी आहे. प्रशियन सैन्यातील राइस्वित्झ यांच्या 'क्रीगस्पील'चे नियम १८२४मध्ये छापले गेले आणि अधिकाऱ्यांच्या शिक्षणात त्या खेळाला स्थान मिळाले. एच. जी. वेल्स यांनी १९१३मध्ये 'लिटल वॉर्स' लिहून तो खेळ दिवाणखान्यातील फरशीवर आणला. १९७४मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने सैन्याच्या जागी एकेक व्यक्ती आणली आणि युद्धखेळाला कथेचा सांधा जोडला. वेल्स यांच्या पुस्तकाचा शेवट ध्यानात ठेवण्यासारखा आहे. खेळातले छोटे युद्ध दोनचार वेळा खेळून पाहिले की खरे मोठे युद्ध किती गोंधळाचा आणि प्रमाणाबाहेरचा उद्योग असेल हे कळते, असे ते सुचवितात. पुढच्याच वर्षी ते युद्ध आले. खेळाच्या नियमांतून युद्धाविषयी शहाणपण मिळू शकते, ही वेल्स यांची आशा. आणि नियमांत गुंगलेल्या माणसाला युद्धाचा विसर पडतो, ही त्याच परंपरेविषयीची नेहमीची भीती. 'अर्फवर्ल्ड'च्या वाचकांतील दुफळी या आशेच्या आणि भीतीच्या मधोमध पडलेली आहे.

क्रमशः प्रकाशनामुळे ती दुफळी अधिक ठसठशीत झाली. वोल्फगांग इझर यांनी संहितेतील 'रिकाम्या जागा' वाचक भरतो असे म्हटले. येथे या जागा अक्षरशः दिवसांच्या आणि आठवड्यांच्या होत्या. एक पान आले की पुढचे येईपर्यंत वाचकांतील एक वर्ग सैन्यांची मोजदाद करी, कोणापाशी किती चाल उरली याचा हिशोब मांडी आणि पार्सनला यातून वाट कशी काढता येईल याचे तर्क लढवी. दुसरा वर्ग त्याच अवकाशात माणसांचा विचार करी: वाँडा ही मृतांना उठवून लढविणारी मांत्रिक मनातून कोणाची आहे, साइझमोर या मातीत रमणाऱ्या, हिंसेचा तिटकारा असलेल्या मांत्रिकाला रणात उतरविले तर त्याचे काय होईल. पहिल्याला दुसरा भाबडा वाटे आणि दुसऱ्याला पहिला कोरडा. सोयीसाठी त्यांना खेळाडू-वाचक आणि कथा-वाचक म्हणावे.

पहिल्या खंडाच्या अखेरीस जे घडते तेथे हे दोघे समोरासमोर येतात. शत्रू नगरात शिरलेला आहे, आणि साध्या लढाईने जिंकण्याची आशा उरलेली नाही. नगर ज्या डोंगरावर वसले आहे तो ज्वालामुखी मृत आहे. पार्सन तीन मांत्रिकांना एका बंधात जोडतो: मृतांना उठविणारी वाँडा, माती आणि दगड जाणणारा साइझमोर, आणि मनांना सांधणारी मॅगी. मग तो जो मृत आहे त्याला उठविण्याची आज्ञा देतो. प्रेत नव्हे, डोंगर. ज्वालामुखी जागा होतो आणि मित्रसैन्ये नगरासह भस्मसात होतात.

या चालीवरून वाचकांत वाद होणे अटळ होते. तो नियमांचा परमोत्कर्ष आहे असे एकाने म्हणावे आणि ती नियमांची फसवणूक आहे असे दुसऱ्याने. पण साहित्याच्या अभ्यासकाला यात आणखी एक गोष्ट दिसावयास हवी. ही चाल एका श्लेषावर उभी आहे. ज्वालामुखीला 'मृत' म्हणणे हा भाषेचा लाक्षणिक व्यवहार आहे. इंग्रजीत तो आहे तसा मराठीतही आहे. जागृत, निद्रिस्त आणि मृत असे ज्वालामुखींचे प्रकार शालेय भूगोलातही सांगितले जातात आणि त्या शब्दांतील लक्षणा कोणाला जाणवतही नाही. पार्सनने केले ते इतकेच, की त्याने लक्षणेला अभिधा मानले. जे मृत आहे त्याला उठविता येते, असा नियम आहे; ज्वालामुखी मृत आहे, असे भाषा म्हणते; मग तोही उठला पाहिजे. शंभरदीडशे पानांपासून ज्या शब्दखेळांना बालिश म्हणून बाजूला सारले होते, ते या जगाचे भौतिकशास्त्र होते हे येथे कळते. ज्याने नियम वाचले पण शब्द वाचले नाहीत त्याला ही चाल सुचली नसती, आणि ज्याने शब्द चाखले पण नियम टाळले त्यालाही नसती.

येथवर दोन्ही वाचकांना समान श्रेय देता येईल. खरी कसोटी पुढे आहे. विजय मिळाल्यावर पार्सनला विजयाचा आनंद होत नाही. आपण काय केले हे त्याला कळलेले आहे. साइझमोरही भुयारांतल्या लढाईने आतून मोडलेला आहे. कथा-वाचकाला वाटते, की हा क्षण आपला आहे. हिशोब करणाऱ्यांना कोडे सुटल्याचे समाधान लाभले असेल. माणसे जळाली हे मात्र आपल्यालाच जाणवले. पण हे म्हणणे तपासून पाहिले की डळमळू लागते. किती माणसे जळाली, हे कोणाला ठाऊक असते? ज्याने आकड्यांची पाने कंटाळून ओलांडली, त्याला 'पुष्कळ' एवढेच ठाऊक असते. ज्याने प्रत्येक तुकडी मोजली, कोणती कोठून आली आणि कोणत्या घरात थांबली हे टिपून ठेवले, त्याला मेलेल्यांचे ठिकाण माहीत असते. हळहळ दोघांना होऊ शकते, पण दुसऱ्याच्या हळहळीला पत्ता असतो. शिवाय गेले कित्येक आठवडे तो स्वतः हीच बाजी जिंकण्याची युक्ती शोधीत होता. ती सापडली असती तर त्यानेही हीच आज्ञा दिली असती. पार्सनच्या अपराधात वाटेकरी होण्याची पात्रता त्याने हिशोब करून मिळविलेली आहे.

उलट, केवळ मोजणाऱ्यालाही सुटका नाही. साइझमोरचे मन ज्याने वाचले नाही त्याच्या लेखी तो बंधातील एक तिसरा घटक असतो. कोडे सुटते, पान मिटते. पुढच्या भागात पार्सन पुढच्या चालीकडे न वळता झाल्या संहाराचा विचार का करीत राहतो, कथा 'मंद' का होते, हे त्याला समजत नाही. मंदगतीचा आणि गद्य प्रकरणांचा आक्षेप बव्हंशी येथूनच निघतो. युद्धाच्या चाली चित्रांत मावतात. चालीनंतर उरणाऱ्या मनासाठी लेखकाने गद्याचा आश्रय घेतला असेल, तर त्यात विसंगती नाही.

या दोन वाचकांना एकत्र आणणारी संकल्पना मराठीत जुनीच आहे. न. चिं. केळकर यांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक स्वतःची भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेशी समरस होतो, आणि या दुहेरी अवस्थेतून वाङ्मयानंद उपजतो, असा तिचा गाभा. तिच्यातील 'आनंदा'वर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. पण दुहेरीपणाचे जे वर्णन केळकरांनी केले ते खेळाडूला विलक्षण लागू पडते. सोंगटी हलविणारा सोंगटीत असतो आणि पटाबाहेरही असतो. केळकरांना न दिसलेली गोष्ट इतकीच, की या समाधीतून आनंदाप्रमाणे उत्तरदायित्वही उपजू शकते. जो समरस होऊनही स्वतःच राहिला त्याला 'हे मी केले नाही' असे म्हणण्याची पळवाट अर्धीच उपलब्ध असते.

नियमाची भाषा आणि माणसाची भाषा यांतील झगडा महाभारताच्या वाचकाला नवा नाही. द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न हा नियमाचा प्रश्न आहे: आधी स्वतःला हरलेल्या माणसाला दुसऱ्याला पणास लावण्याचा अधिकार उरतो काय? इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये द्रौपदीच्या या कायदेशीर वादाला तिची चूक ठरविले. तेथे तिने धर्माचा काथ्याकूट न करता माणुसकीला हाक घालावयास हवी होती, असा त्यांचा रोख होता. पुष्कळ वाचकांना हे पटले नाही. ज्या सभेला फक्त नियमांची भाषा कळते, तिला नियमांतच अडविल्याखेरीज माणसाचा प्रश्न ऐकू जात नाही, असे त्यांना वाटले. हा मतभेद आजही मिटलेला नाही आणि तो मिटावा अशी अपेक्षाही कोणी करीत नाही, कारण तो त्या प्रसंगाच्याच पोटातला आहे. महाभारताच्या वाचकांविषयी 'संमिश्र प्रतिसाद' असे कोणी म्हणत नाही. तो मान अर्फवर्ल्डच्या बोबड्या ड्वॅगनांना नाकारण्याचे कारण वाङ्मयीन आहे, की केवळ प्रतिष्ठेचे?

हा प्रश्न विद्यापीठीय साहित्याभ्यासाला सोडविता आलेला नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा वाचून वाढलेला मराठी वाचक दीर्घकाळ समीक्षेच्या दाराबाहेर उभा होता. तो 'वाचीत' नाही, तो 'सोडवितो', असा त्याच्यावर आरोप होता. आज वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांची कथेशी पहिली ओळख खेळांतून झालेली असते. नियम चटकन ओळखणे, शक्यता मोजणे, कथानकातील ढिला दुवा हेरणे ही त्यांची सवय आहे. वर्गात पाऊल टाकताच ती सवय त्यांनी चपलेसारखी बाहेर काढून ठेवावी, अशी अबोल अपेक्षा असते. त्यातून निपजणारा वाचक संवेदनशील उत्तरे लिहितो. पण कोणी कोणती चाल केली आणि त्या चालीने कोण मेले, हे त्याला सांगता येईलच असे नाही.

२०१९मध्ये 'अर्फवर्ल्ड' थांबले तेव्हा दोन्ही वाचक प्रथमच एका जागी आले. एकापाशी मांडलेला पट राहिला आणि पुढची चाल नाही. दुसऱ्यापाशी माणसे राहिली आणि त्यांचा शेवट नाही. बुद्धिबळाच्या स्पर्धेत डाव तहकूब करताना पुढची चाल लिहून पाकिटात बंद करण्याची प्रथा होती. येथे तसे पाकीटही नाही. काही वाचकांना हा विश्वासभंग वाटला, काहींनी मिळाले तेवढ्यावर समाधान मानले. दोघांनाही तसे वाटण्याचा अधिकार आहे. तेरा वर्षे ज्याने वाट पाहिली त्याला आस्वादाची शिस्त शिकविण्याचे कारण नाही.

पुढे काही येणार नसल्यामुळे अशा वाचकाला मागेच जाता येते. पहिल्या खंडाचे ते पान पुन्हा उघडावे. डोंगर मृत आहे हे आता ठाऊक आहे, आणि तो उठणार आहे हेही. खाली सैन्ये उभी आहेत. पहिल्या वाचनात ज्याने ती मोजली नव्हती त्याने या वेळी मोजावीत. ज्याने मोजली होती त्याने साइझमोरच्या चेहऱ्याकडे पाहावे.